टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

आज ढमढेरे मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावून संतोष सरांचा रेणू माझ्याकडे सोपवला. सोपवला म्हणजे कृती सांगितली. रेणू मलाच बनवायचा आहे.

मी वही उघडली तर म्हणाल्या, "मिटव ती. लिहिण्यासारखं काही नाही. संतोषने जे केलं ते पुन्हा कर. सुधारू नकोस, शोध लावू नकोस. फक्त पुन्हा कर."

"किती दिवसांत करू?"

"जेवून, झोपून जितक्यात होईल तितक्यात."

मग उठून त्यांनी तो फळ्यावर काढला. मॅडम हात न उचलता त्रिकोण काढतात आणि तिन्ही बाजू सारख्या येतात. एक त्रिकोण, आणि त्याच्या टोकाला टोक लावून दुसरा. मधला कार्बन दोघांचा सामाईक. फळ्यावर दोन्ही सपाट दिसतात, पण खरे तसे नसतात; एक उभा असतो, एक आडवा. मॅडम म्हणाल्या, "कार्बनला हातपाय पसरून बसायची सवय. त्याला त्रिकोणात कोंबणं म्हणजे रिक्षाच्या पुढच्या सीटवर तिघं बसवणं. आणि हा मधला तर दोन रिक्षांत एकदम बसलाय."

मला हसू आलं नाही. इतका ताण अंगात धरून एखादी गोष्ट शांत बसू शकते, याचंच मला पहिल्यापासून नवल वाटतं.

जगात मॅडमचं नाव ज्या कामासाठी घेतात ते हेच. असे त्रिकोण उघडायला भट्टीची उष्णता लागते असं पुस्तकांत लिहिलेलं आहे. मॅडम आणि त्यांचे तेव्हाचे विद्यार्थी संतोष सर यांनी दाखवलं की या एका रेणूला, त्याच्या अंगावर दुहेरी बंधाची एक फांदी असेल तर, काहीच लागत नाही. बंद फ्लास्कमध्ये, खोलीच्या तापमानाला, त्यातला एक त्रिकोण स्वतःच्याच ताणाने सुटतो आणि त्याचा चौकोन होतो. डिसेंबरात मॅडम निवृत्त होतायत आणि निरोपाचं व्याख्यान याच विषयावर आहे. शेजारच्या टेबलावरचा चेतन सांगत होता, परदेशातल्या कुठल्याशा गटाचा मॅडमना मेल आलाय, त्यांना हे जमत नाही म्हणे. म्हणजे मला ते इतकं नेटकं करायला हवं की कुणाला बोलायला जागा राहू नये.

हे काम मला का दिलं आणि चेतनला का नाही, कळत नाही. तो माझ्याहून किती तरी झपझप काम करतो.

७ ऑगस्ट

मॅडमनी आज काही नियम सांगितले. खिडकीजवळचा हूड, म्हणजे वाफा ओढून घेणारं कपाट, माझा एकटीचा. काच माझी वेगळी, फ्लास्कपासून नळीपर्यंत. आणि एनएमआर मशिनवर रेणूचा आलेख काढायला नमुना क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवायचा नाही, बेंझीनमध्ये विरघळवायचा. आमच्याकडे सगळे क्लोरोफॉर्मच वापरतात. कारण विचारायचं धाडस झालं नाही.

दारापर्यंत पोचले तेव्हा त्यांनी मागून विचारलं, "ॲसिडच्या टबातून काच काढल्यावर तू अजून सोड्याच्या पाण्यात बुडवतेस का?"

मला वाटलं, आता हे बंद कर म्हणणार. मी म्हणाले, "हो मॅडम. वेळ जातो, माहीत आहे मला."

"चालू ठेव तुझा तो सोहळा."

बाहेर चेतन ऐकत होता. "आंघोळ झाल्यावर पुन्हा आंघोळ करणारी तूच एक," म्हणाला.

आमच्या प्रयोगशाळेत काचेचा फार अभिमान आहे. ॲसिडच्या टबात भिजवलेली, पाण्याचा एक थेंब न धरणारी काच. मीही टबात टाकते. पण नंतर धुण्याच्या सोड्यात बुडवल्याशिवाय मला चैन पडत नाही. हे खूळ घरचं आहे. लहानपणी दम्यामुळे पाचवीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही, आईनेच वाशीमला घरी शिकवलं. ती पाटी पुसायला दोन फडकी ठेवायची, एक ओलं आणि एक कोरडं. आधीच्या गणिताची रेघ पुसट जरी दिसली तरी पुढचं गणित घालायची नाही. बाबा डेपोतून आले की म्हणायचे, "ललिता, पोरगी पाटी पुसण्यातच म्हातारी होईल."

मॅडमच्या बोलण्यात टोमणा होता. मला वेगळं बसवलं तेही बहुधा माझ्या संथपणाचा बाकीच्यांना त्रास होऊ नये म्हणून.

२१ ऑगस्ट

झाला. पाण्यासारखा स्वच्छ द्रव, फ्लास्कच्या तळाशी जेमतेम चमचाभर. थोडा घासलेटासारखा वास येतो, मागून किंचित गोड.

आलेख काढला. आलेखाच्या उजव्या टोकाला, जिथे सहसा कुणी फिरकत नाही, तिथे त्रिकोणांवरचे हायड्रोजन दाटीवाटीने उभे होते. बाकी सगळी जागा कोरी. मी बराच वेळ पडद्याकडे बघत बसले. मशिनवर पुढच्या मुलीचा नंबर होता, तिने खाकरून आठवण करून दिली.

मॅडमना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाजवळ धरला आणि म्हणाल्या, "इतका साफ संतोषचाही नव्हता." मग लगेच, "आता ठेवून दे, आणि बघत बस."

आज चालत घरी आले. बसमध्ये बसून राहणं शक्य नव्हतं.

२५ ऑगस्ट

काही बदल नाही. संतोष सरांच्या कृतीप्रमाणे एव्हाना निम्म्याहून जास्त चौकोन व्हायला हवा होता. घाई करू नये.

३० ऑगस्ट

रस्त्यात मांडव, स्पीकर, गर्दी. फ्लास्कमध्ये मात्र संपूर्ण शांतता. दोन त्रिकोण होते तसे बसून आहेत.

घाबरत घाबरत मॅडमना सांगितलं. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. वळून म्हणाल्या, "तुझी खात्री आहे?"

"नाही मॅडम."

"छान. मग पुन्हा कर."

"छान" ज्या सुरात म्हणाल्या तो सूर घरी येईपर्यंत कानात होता.

११ सप्टेंबर

दुसऱ्यांदा केला, सगळं नव्याने, पहिल्या पायरीपासून. तरी उघडत नाही.

चेतनलाही त्याच्या वेगळ्या कामासाठी हाच रेणू लागतो. त्याचा फ्लास्कमध्ये भरून ठेवला की घड्याळ लावल्यासारखा उघडतो. आज त्याने आलेख आणून माझ्या टेबलावर ठेवला. "बघ, काही करावं लागत नाही. भात लावून विसरून जायचं तसं. तू सारखं झाकण उघडून बघतेस का?"

"नाही."

"मग तुझ्या हातात दोष आहे, पंचांग बघ."

मग जरा मऊ होऊन म्हणाला, "माझ्यातलाच थोडा घेऊन जा ना. व्याख्यानाला आलेखच तर दाखवायचाय." मी नको म्हणाले. तरी बाटली घेऊन तो माझ्या हूडकडे निघालाच होता, तेवढ्यात मॅडम आत आल्या. त्यांचा इतका चढलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. "चेतन, तिच्या हूडकडे जायचं नाही. तिच्या काचेला हात लावायचा नाही. मदत तर अजिबात करायची नाही. कळलं?"

चेतन बाटली घेऊन आपल्या टेबलाकडे परतला.

वेगळी जागा, वेगळी काच, हात लावायचा नाही; तेव्हा माझ्या मनात एक शब्द आला. तो शब्द आमच्या घरात कुणी हलक्याने वापरत नाही, म्हणून इथेही लिहीत नाही. आणि मॅडमच्या बाबतीत तो खोटाच आहे. मुलाखतीला मी आले तेव्हा "शाळेत पाचवीपासून का?" असं समितीतल्या एकांनी विचारलं होतं. "त्याआधी हिला कुणी तरी शिकवलेलं दिसतंय," एवढं बोलून मॅडमनी पुढचा प्रश्न घेतला होता. मी त्यांना मान खाली घालायला लावतेय, हे खरं दुःख आहे.

१४ सप्टेंबर, रविवार

घरमालकीण विमलाबाईंनी विचारलं, "काय ग, तोंड का उतरलंय? लग्नाबिग्नाचं काही?"

म्हटलं, "नाही काकू, प्रयोग जमत नाहीये."

"कसला प्रयोग?"

सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे तुला एक गोष्ट बिघडायला हवीये आणि ती बिघडत नाहीये. आमच्या फ्रिजात ठेव, दोन दिवसांत काम होईल."

२ ऑक्टोबर

आई-बाबा नागपूरला दीक्षाभूमीवर. यंदा पहिल्यांदाच मी गेले नाही. तिसरा प्रयत्न फ्लास्कमध्ये आहे. काल आलेख काढला, जसाच्या तसा.

दुपारी गर्दीतून आईचा फोन. मागे गाणी, घोषणा, पुस्तकांच्या स्टॉलवाल्यांचे आवाज. तिला ओरडून बोलावं लागत होतं.

"उघडलं का तुझं ते?"

"नाही ना, आई."

"किती वेळा केलं?"

"तीनदा."

"सारखंच आलं?"

"सारखंच."

"मंग नसंल उघडत ते," आई म्हणाली, आणि बाबांना हाक मारायला गेली. फोन तसाच चालू राहिला.

मी फोन कानाला लावून कितीतरी वेळ उभी होते. ऑगस्टपासून मी एकच प्रश्न विचारत आलेय, माझं काय चुकतंय. तो रेणू उघडतच नसेल, हे माझ्या मनाला शिवलंही नव्हतं. शिवल्यावर भीती वाटली. तो उघडत नसेल तर चेतनच्या फ्लास्कमध्ये का उघडतो? दोन्हीत फरक काय? द्रव तोच, कृती तीच, हवा तीच. फरक फक्त काचेचा. आणि काच तर माझी जास्त स्वच्छ आहे.

६ ऑक्टोबर

आज हिंजवडीला संतोष सरांना भेटून आले. पीएचडीनंतर ते औषधांच्या रेणूंची माहिती साठवणाऱ्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले. कोथरूडहून पोचेपर्यंत ट्रॅफिकमध्ये अर्धा दिवस गेला. त्यांनी खालच्या कँटीनमध्ये चहा घेतला. मोकळे, हसरे गृहस्थ आहेत.

"काच कशी धुवायचात तुम्ही?" मी विचारलं.

"हे विचारायला एवढ्या लांब आलीस? फोन करायचास."

"फोनवर तुम्ही घाईत सांगितलं असतं."

"बरं, निवांत सांगतो. आधी ॲसिडचा टब. मग डिस्टिल्ड पाणी, मग ॲसिटोन, मग ओव्हन. काच अशी निघायची की मॅडम म्हणायच्या, संतोष, यात बघून भांग पाडता येईल."

"सोडा नाही?"

"सोडा कशाला? ॲसिडने धुतल्यावर आणखी काय..." ते थांबले. त्यांच्या इतक्या लगेच लक्षात येईल असं मला वाटलं नव्हतं. चहाचा कप त्यांनी बशीत गोल फिरवला. "तू काय म्हणतेयस?"

"मी काही म्हणत नाहीये सर. नुसतं विचारतेय."

"माझ्या थिसिसचा चौथा चॅप्टर आहे तो."

"माहीत आहे. मी बऱ्याचदा वाचलाय. फार सुंदर लिहिलाय."

"सुंदर आहे ग. खरा आहे का ते सांग."

मी म्हणाले, अजून माहीत नाही. त्यांनी मला कंपनीच्या बसमध्ये ओळखीने बसवून दिलं आणि बस सुटेपर्यंत खाली उभे राहिले.

१३ ऑक्टोबर

जे केलं ते सरळ लिहिते.

माझ्याकडचा द्रव दोन भागांत केला. एक भाग माझ्या नेहमीच्या फ्लास्कमध्ये. दुसरा, टबातून काढून फक्त पाण्याने आणि ॲसिटोनने धुतलेल्या फ्लास्कमध्ये, अगदी संतोष सर धुवायचे तसं. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.

सोडा लावलेल्यात काही झालं नाही. दुसऱ्यात त्रिकोण उघडला. मग सोडावाल्यातला थोडा काढून त्यात ॲसिडचा अगदी सूक्ष्म अंश घातला. आलेख काढायला जाईपर्यंत सगळा चौकोन झाला होता.

म्हणजे स्वतःच्या ताणाने तो उघडतच नाही. काचेला चिकटून राहिलेल्या ॲसिडमधला एक हायड्रोजन फांदीचा दुहेरी बंध पकडतो, शेजारच्या त्रिकोणाला ते सोसत नाही, तो पसरून चौकोन होतो, आणि त्या बदल्यात रेणूतला दुसरा एक हायड्रोजन मोकळा होऊन पुढच्या रेणूकडे जातो. ॲसिड खर्चच होत नाही. म्हणून न दिसणारा लेपही पुरतो; सोडा तेवढाही मारून टाकतो. जुन्या क्लोरोफॉर्ममध्येही असाच ॲसिडचा अंश असतो, हे मला आज आठवलं. बरं झालं बेंझीन वापरलं.

यात एक गोष्ट मला फार आवडली आणि ती लिहिताना लाज वाटते. माझा रेणू चांगला आहे. इतका ताण अंगात असून, कुणी छेडलं नाही तर तो जागचा हलत नाही.

पण डिसेंबरात मॅडम भरल्या सभागृहात सांगणार आहेत की तो आपोआप उघडतो.

१५ ऑक्टोबर

सांगितलं नाही. केबिनच्या दारापर्यंत जाऊन परत आले.

दिवसभर एक विचार डोक्यात घोळतोय तो लिहून ठेवते, म्हणजे निदान लपवल्यासारखं होणार नाही. मी काच टबातून काढून तशीच वापरली तर त्रिकोण उघडेल. मॅडमना आलेख मिळेल. कुणी खोटं बोललं असंही होणार नाही. उलट, मॅडमचा आदेशच होता की संतोषने केलं तसं कर, सुधारू नकोस. संतोष सर सोडा वापरत नव्हते. म्हणजे खरं तर आदेश मीच मोडला. आज्ञाधारक विद्यार्थिनी असते तर हे काही घडलंच नसतं. मॅडम मानाने निवृत्त झाल्या असत्या आणि संतोष सरांचा चौथा चॅप्टर सुंदर राहिला असता.

हे वाचायला इतकं बरोबर वाटतं की मला त्याचीच भीती वाटते.

१७ ऑक्टोबर

सांगितलं.

सगळे आलेख टेबलावर ओळीने मांडले आणि आधी माफी मागितली, की मी कृतीत एक पायरी जास्तीची केली. मॅडम म्हणाल्या, "बस." मी उभीच राहिले. म्हणाल्या, "अग बस, पळून कुठे जाणार आहेस?"

त्यांनी एकेक आलेख उचलून पाहिला. दोन फ्लास्कांचा आलेख सगळ्यात जास्त वेळ पाहिला. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मला वाटलं, रागावतील किंवा निदान वाद घालतील. त्यांचं सगळ्यात मोठं काम होतं ते.

"ॲसिड," त्या म्हणाल्या. प्रश्न नव्हता तो.

"हो मॅडम. मला वाटतं. कदाचित. अजून एकदा करून..."

"हे तू कुणाच्या सांगण्यावरून केलंस?"

"कुणाच्याच नाही."

"चेतन?"

"नाही. तो माझ्याकडे फिरकत नाही, तुम्ही सांगितल्यापासून."

"उत्तम," त्या म्हणाल्या आणि चष्मा काढून दोन्ही डोळे चोळले. आवाज बदलला होता. "उघडतो हे दाखवलंस. आता हायड्रोजन ॲसिडमधूनच येतो हे दाखव. जड हायड्रोजनचं ॲसिड घाल. तो जड हायड्रोजन चौकोनात सापडला तर मग बोलायला नको."

मी म्हणाले, ते मागवायला हवं, दिवाळी आली, आता कोण पाठवतंय. मॅडमनी मागच्या कपाटातून बाटली काढली. सीलबंद, आमच्याच नावाने जुलैत आलेली. काय नशीब. काहीतरी दुसऱ्या कामासाठी मागवली असणार.

जाताना मी विचारलं, "मॅडम, तुमचं व्याख्यान..."

"ते माझं मी बघते. तू काच धू."

६ नोव्हेंबर

जड हायड्रोजन सापडला. चौकोनात, नेमका जिथे असायला हवा तिथे. पुन्हा केलं, पुन्हा तिथेच.

चेतनने न सांगता माझ्या टेबलावर चहा आणून ठेवला. "मदत करायची मनाई आहे, चहाची नाही," म्हणाला. मग टबाकडे बघत, "इतकी वर्षं आपण सगळे ॲसिडने काच धुऊन वर तोरा मिरवतोय." त्याचं कामही आता नव्याने तपासावं लागणार. मी सॉरी म्हटलं तर चिडला. "सॉरी काय? तुझ्यामुळे मी थिसिसमध्ये मूर्खासारखं लिहिणार होतो ते वाचलं. नीट कशाचं तरी श्रेय घेत जा ना कधी."

१९ नोव्हेंबर

संतोष सरांचा फोन आला. मॅडम काल स्वतः हिंजवडीला गेल्या होत्या. फोन नाही, मेल नाही. त्या ट्रॅफिकमधून, आपल्या जुन्या गाडीने, जिचा मागचा दरवाजा आतून उघडत नाही.

मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, संतोष, तू पाहिलंस ते खरंच घडत होतं, तुझ्या हाताचं काही चुकलं नाही. ते का घडतं हे सांगणं माझं काम होतं. ते मी चुकले. चूक दुरुस्त करणारं टिपण नियतकालिकाला पाठवतेय, त्यात तसंच लिहिलंय." मग स्वतःचं सांगितलं. "मी रात्री बायकोशी भांडायच्या तयारीत घरी गेलो होतो. भांडण झालंच नाही."

मग म्हणाले, "आणि चहाचे पैसेही देऊ दिले नाहीत ग मला."

टिपणाचा मसुदा मॅडमनी मला वाचायला दिला होता. त्यात माझं नाव पहिलं. मी म्हणाले, हे बरोबर नाही, मी फक्त काच धुतली. मॅडम म्हणाल्या, "त्याला 'फक्त' म्हणणारी तू भेटलीस म्हणून बरं." याचा अर्थ मला नीट लागला नाही, पण पुन्हा विचारलं नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

व्याख्यान झालं. सभागृह भरलेलं. मॅडमचे जुने विद्यार्थी बंगळूरहून, हैदराबादहून आले होते. संतोष सर बायकोला घेऊन आले होते आणि दुसऱ्या रांगेत ताठ बसले होते. मी मागे, चेतनच्या शेजारी.

मॅडमनी पहिल्यांदा त्रिकोण काढला. पडदा तयार होता, तरी खडूने, फळ्यावर. मग आपला जुना आलेख दाखवला, ज्याने त्यांचं नाव झालं. म्हणाल्या, "हा आलेख खरा आहे. त्याखाली मी जे लिहिलं ते चुकीचं आहे." सभागृहात कुजबुज झाली. मग शेजारी माझे दोन फ्लास्क.

व्याख्यान असं असू शकतं हे मला माहीत नव्हतं. त्यांनी कुठेही आवाज खाली केला नाही, कुठेही स्वतःला सांभाळून घेतलं नाही, आणि रडवेल्याही झाल्या नाहीत. ॲसिडचा एक अंश थंडीतसुद्धा त्रिकोण कसा उघडतो, आणि सोडा घातला की कसा जागच्या जागी थांबतो, हे त्या असं सांगत होत्या की जणू काल कुणी त्यांना भेट दिलीय. जिथे भट्टी लागत होती तिथे आता एक थेंब पुरेल, कोणत्या औषधांत असे चौकोन लागतात, पुढच्या मुलांनी कुठून सुरुवात करावी, सगळं. मी आजवर कुणाकडे इतक्या आदराने पाहिलं नसेल. आईकडेही लहानपणी असंच बघायचे.

शेवटी पहिल्या रांगेतले एक वयस्कर शास्त्रज्ञ उठले. "काय हो मॅडम, निरोपाच्या दिवशी स्वतःचंच घर पाडलंत?"

"पाडलं कुठे? दार आपोआप उघडतं असं सांगत होते. आता कडी कुठे आहे ते कळलं."

लोक हसले. मग ते म्हणाले, "आणि कडी शोधली कुणी?"

मॅडमनी थेट माझ्याकडे पाहिलं. चेतनने कोपराने ढोसलं तेव्हा मी उभी राहिले. त्या गृहस्थांनी मागे वळून विचारलं, "बाई, गाईडच्या कामाची शंका घ्यायला तुम्ही घाबरला नाहीत?"

मी खरं तेच सांगितलं. "मी त्यांची शंका घेतली नाही सर. मला माझीच शंका होती."

सगळे पुन्हा हसले. मला त्यात हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही. संतोष सर मात्र हसले नाहीत. त्यांनी मान डोलावली.

नंतर हार-तुरे झाले, फोटो झाले. गर्दी ओसरल्यावर मी मॅडमकडे गेले. पायाला हात लावायला वाकले तर त्यांनी दंड धरून वर केलं. कधीपासून मनात होतं ते बोलले. "मॅडम, माझ्यामुळे तुमचं व्याख्यान ऐन वेळी बदललं."

"ऑगस्टमध्येच बदललं होतं ते," मॅडम म्हणाल्या. "फक्त आलेख यायचे बाकी होते."

मला बरं वाटावं म्हणून त्या असं म्हणाल्या. एवढा मोठा दिवस त्यांचा, आणि त्यातही माझा विचार.